फेकणाऱ्याचं तोंड

"घे रे आंधळ्या! घे रे लुळ्या! घे, दगडाच्या भावा, घे!"

सकाळी वीटभट्टीवर हा आवाज सुरू झाला की माती तुडवणाऱ्या बायका म्हणायच्या, लागली तोफ कामाला. तोफ म्हणजे विटा फेकणारा एक उंच, वाळका माणूस. नाव आवाजावरून पडलेलं, आणि इतकं रुळलेलं की त्याची बायकोसुद्धा चारचौघींत "आमची तोफ" म्हणून मोकळी व्हायची. शिव्या खाणारा वर ट्रकच्या हौद्यात उभा असायचा. तो त्याचाच मुलगा. लग्नाच्या वयाचा, रुंद खांद्यांचा, बापाच्या मानानं मुकाच.

भाजलेल्या विटा ट्रकमध्ये चढवायची तिथली रीत अशी होती. खालच्यानं दोन विटा जोडून वर फेकायच्या. वरच्यानं झेलायच्या, मागं वळायचं आणि रचायच्या. तो वळला की त्याची पाठ खालच्याकडे. पुन्हा तोंड फिरवेपर्यंत पुढची जोडी हवेत असायची. ती कधी सुटली हे डोळ्यांना कळायची सोय नव्हती, कानांनाच कळायचं. म्हणून फेकणाऱ्यानं हात सोडताना तोंडही सोडायचं. शिवीच का, तर शाबास म्हटलं की झेलणारा फुशारतो, खाली बघून हसतो आणि वीट छातीत घेतो, असं भट्टीवर सगळे मानत. शिवी ऐकून कुणी फुशारत नाही. तोंड बंद झालं म्हणजे फेक बंद, वरच्यानं खुशाल घाम पुसावा.

मुलाला सगळे चिकट म्हणायचे. कंजूष होता म्हणून नव्हे, हाताला आलेलं सुटायचं नाही म्हणून. याच हातांमुळे तो गावच्या फुटबॉल संघाचा गोली झाला होता. आणि सामन्याच्या दिवशी बाप गोलाच्या मागं उभा राहून भट्टीवरचंच भजन तिथं लावायचा. लोक आधी बॉल बघायचे, मग तोफेचं तोंड बघायचे.

त्या हंगामात मात्र हसण्यासारखं फारसं नव्हतं. विटांना मागणी नव्हती. दोनांपैकी एकच भट्टी पेटली होती, दुसरीच्या पोकळीत कुत्री झोपायची. फेकणाऱ्यांच्या जोड्या कमी करणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. ज्याचा खांदा गेला त्याला राख चाळायला बसवायचे. राखेला बसलेला माणूस परत उठत नाही, हे तोफेनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा उजवा खांदा सकाळी कुरकुरायचा. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि तेल मात्र तीच लावून द्यायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी मुकादम ट्रकशेजारी येऊन उभा राहिला. खिशात हात, डोळे वर.

"काय तोफ, दम आहे का अजून? मालक विचारत होते, म्हाताऱ्यांचं काय करायचं."

"आहे की जी." तोफेनं एक जोडी उचलली. "होय जी. बघा की जी."

हात चालू होता. उलट जरा जास्तच चालला. मुकादमाला दिसावं म्हणून त्यानं विटा नेहमीपेक्षा वर, जोरात भिरकावल्या. "दमाला काय झालंय जी," असं तो मान वळवून मुकादमाला म्हणत होता, तेवढ्यात वर धप्प झालं. जोडी हौद्याच्या कडेवर आपटून खाली आली. एका विटेचा कोपरा उडाला होता. मुकादमाची भुवई चढली.

तोफेच्या अंगाचा भडका उडाला. नेमका मुकादमासमोर! "हाताला लोणी लावून आलास का रे?"

वर मुलगा पाठ करून वाकला होता. डावा हात काखेत दाबून तो जरा वेळ तसाच राहिला.

"फेका," तो म्हणाला.

बापानं फेकल्या. "घे रे लोण्या, घे!" खालच्या बायका खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावात सामना झाला. वर्षातून दोन सामने व्हायचे, एक त्यांच्या मैदानावर, एक इकडच्या. शेवटाला त्यांचा पुढचा गडी, लांब पायांचा, एकटाच बॉल घेऊन आला आणि त्यानं डाव्या बाजूला साधा, पोरासोरांनी अडवावा असा फटका मारला. चिकटनं झेप घेतली. बॉल हाताला लागला आणि हातातून आत गेला.

सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत तोफ कडाडली, "लोणी लावलंय का रे आजपण!"

मग काय, गावाला शब्द सापडला. पूल ओलांडून घरी येईपर्यंत मागून पुढून एकच चाललं होतं, लोणी, लोणी. मुलगा मान खाली घालून चालत होता. बाप त्याच्या पुढं चालत होता, जणू हा आपल्या ओळखीचाच नाही.

पुलाच्या टोकाला सलूनवाल्यानं तोफेला गाठलं. त्याच्या दुकानात गावाची दाढी व्हायची आणि गावाची बातमी शिजायची.

"तोफकाका, मी काही म्हणत नाही."

"मग नको म्हणूस."

"पण गोल मारल्यावर त्यांच्या गड्यानं आपल्या चिकटच्या पाठीवर थाप मारली. का बरं मारली? मला तर कुणी असली थाप मारत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

"पोरगं चुकलं. त्यात पाणी कसलं?"

"चुकलंच असेल. मी कुठं काय म्हणतोय?" सलूनवाला पुढं झाला आणि दुसऱ्या कुणाच्या कानाला लागला.

तोफेच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आपलं पोरगं असला बॉल सोडत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? विटा झेलणाऱ्याला हवेनं भरलेला बॉल म्हणजे काय? मग सोडला कसा?

घरी जेवताना तो मुलाकडे टक लावून बसला. मुलगा एका हातानं जेवत होता. डावा हात मांडीखाली. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यानं उजव्यानंच उचलला. बायको वाढत होती. दिवसभर साच्यात विटा पाडून तिची बोटं पांढरी पडली होती.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "जेवू द्या त्याला. त्यांच्या गोलीनंसुद्धा सोपा बॉल सोडला होता. बाहेर गेला म्हणून वाचला. त्याला कोण बोललं?"

"तो कुठं आपला आहे?"

"म्हणजे आपला असला की बोलायचं?"

"परक्याला बोलून काय मिळतं? तो पडला तर मला काय आणि उठला तर मला काय. आपला पडला की माझं नाक खाली जातं."

"मग तुम्ही तुमचं नाक सांभाळा. पोरगा माझ्याकडे द्या."

मुलगा उठून हात धुवायला गेला, तोही पाठ करून. बोटांपासून मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं दिसलं. घड्याळ तर नसेल ना, तोफेला वाटलं. पलीकडच्यांनी दिलेलं, नवीन? विचार इतका घाणेरडा होता की त्याची त्यालाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार काही गेला नाही.

पुढच्या दिवसांत मुलगा काम सुटलं की अंग न धुताच बाहेर पडू लागला. विचारलं तर म्हणायचा, "येतो इथनंच." एकदा तोफ अंतर ठेवून मागं गेला. असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. बाभळीच्या आडून, पुलाच्या कठड्याआडून, स्वतःच्या पोरामागं चोरासारखं. मुलगा पूल ओलांडून सरळ पलीकडच्या गावात शिरला आणि एका पत्र्याच्या घरात गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा बरोबर तो लांब पायांचा गडी होता. दोघं हसत होते. गड्यानं सायकल काढली आणि चिकटला पुढच्या दांडीवर बसवून पुलापर्यंत सोडलं.

आपलं पोरगं शत्रूच्या सायकलवर! तोफ कठड्याआड बसून राहिला. गुडघ्यातून कळ येत होती, पण उठवेना. लहानपणी हा पोरगा त्याच्या खांद्यावर बसून याच पुलावरून सामने बघायला जायचा. आता कुणाच्या दांडीवर बसतो हे लोकांनी बघितलं तर? लोकांनी बघितलं होतंच. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्यानं त्याच्या गालावर साबण लावता लावता विचारलं, "काय काका, सायकल घेणार म्हणे तुमच्याकडे?"

तोफेनं अर्धी दाढी तशीच ठेवून दुकान सोडलं. अर्ध्या साबणानं तो भट्टीपर्यंत आला आणि बायकांना महिनाभर पुरेल एवढं हसू देऊन गेला.

त्या दिवशी त्यानं शिवी दिली नाही. आंधळा नाही, लुळा नाही, काही नाही. नुसतं "घे." पाढा घोकल्यासारखं, एकाच सुरात. "घे. घे." कधी विटा सुटल्यावर, कधी सुटण्याआधी. वरच्याची गडबड व्हायला लागली. तो लवकर वळायचा, नाहीतर उशिरा. एक जोडी त्यानं दंडावर घेतली.

"बाबा, नीट बोला की. अंदाज येत नाही."

"तुझ्याशी बोलायला काय ठेवलंयस?"

मुलानं खाली बघितलं. चेहरा विटकरीच्या धुळीनं लाल, डोळे तेवढे पांढरे. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुकादम भट्टीच्या कोपऱ्यावर दिसला. मुलगा पटकन वळला आणि म्हणाला, "फेका, फेका लवकर."

हे का? मुकादमाला बघून का घाबरतो? तोफेचा संशय आणखी पक्का झाला. ज्याचं मन साफ त्याला घाई कसली?

परतीचा सामना जवळ आला. त्याच्या आधी एक दिवस तोफेनं खांद्याचं निमित्त सांगितलं नाही, पोटाचं सांगितलं, आणि दुपार कलताच भट्टी सोडली. मुलगा पोचायच्या आधी त्या पत्र्याच्या घरात जाऊन सोक्षमोक्ष लावायचा, एवढं त्यानं ठरवलं होतं. लांब पायांच्या गड्याला काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत तो चालला. चांगली दमदार वाक्यं जुळली होती.

दारात एक म्हातारी बसली होती. पुढ्यात तेलाची वाटी, बांबूच्या तासलेल्या पट्ट्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या. घराच्या आत एक माणूस पाय लांब करून पडला होता, पायाला पट्ट्या बांधलेल्या.

"काय मोडलंय?" म्हातारीनं विचारलं.

"माझं काही नाही. तो लंबू कुठंय?"

"नातू होय माझा? पाणी आणायला गेलाय." तिनं त्याला खालून वर बघितलं. अंगावरची लाल धूळ बघून म्हणाली, "भट्टीचे ना तुम्ही? तुमचाच एक पोरगा येतो माझ्याकडे. डाव्या हाताचं बोट विटेनं चेचलंय. हाड सरकलं होतं. तशा हातानं सामना खेळला, वेडा! आमच्या नातवाला पाठीवर थाप मारताना कळलं, हात धरून किती थरथरत होता तो. त्यानंच आणला इथं."



"विटेनं कसं? तो तर झेलण्यात..."

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, खालच्याचं तोंड दुसरीकडे होतं. शिवी न देता वीट आली." म्हातारीनं एक पट्टी बोटानं चाचपली. "विश्रांती घे म्हटलं तर ऐकत नाही. मुकादमाला कळलं तर जोडी मोडेल, बाप राखेला बसेल म्हणतो. बाप कसला आहे कोण जाणे. बोटाकडे बघत नाही का कधी?"

तोफेला सगळं आठवलं. मुकादमाची भुवई. "होय जी, बघा की जी." तोंड मुकादमाला जी जी करत होतं आणि हात पोरावर विटा फेकत होता. आणि वर लोणीसुद्धा त्यानंच लावलं होतं, गावानं नव्हे. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"किती दिवस लागतील?" एवढंच त्यानं विचारलं.

"जुळेल. वाकडं जुळेल."

परत येताना पुलावर मुलगा समोरून आला. बापाला तिथं बघून थबकला.

"तुम्ही इकडं कुठं?"

"इथनंच," तोफ म्हणाला. फडकं बांधलेला हात मुलानं मागं नेला. तो हात धरावा, एकदा बघावा, असं बापाला फार वाटलं. पण एवढे दिवस नुसतं ओरडायचीच सवय. "जा," तो म्हणाला. "सावकाश जा."

मुलगा चार पावलं पुढं जाऊन वळून बघत राहिला. बाप सावकाश जा म्हणाला, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

परतीचा सामना भट्टीमागच्या मैदानावर होता. माती उपसून उपसून सपाट झालेली जागा. सगळं गाव जमलं होतं आणि सगळ्या गावाचे डोळे बॉलवर नव्हते, गोलीवर होते. मुकादम खुर्ची टाकून बसला होता. तोफ नेहमीच्या जागी, गोलाच्या मागं. पण तोंड मिटलेलं. कोणत्या तोंडानं शिवी द्यायची? ज्याचं बोट आपण मोडलं त्यालाच लुळा म्हणायचं?

बॉल डावीकडून आला. चिकट उशिरा हलला. गोल झाला.

"लोणी! लोणी!" माणसं उठून उभी राहिली. "सायकलवरून आला का बॉल?" आणि मग एकेक मान तोफेकडे वळली. तोफ गप्प.

"बघा," सलूनवाला म्हणाला, मुद्दाम मोठ्यानं. "बापसुद्धा गप्प. घरात कळलंय म्हणजे. मी आधीपासून काही म्हणत नव्हतो."

तोफेच्या कानशिलात रक्त भरलं. लाज वाटली म्हणून गप्प बसलो आणि तीच साक्ष झाली! गोलात उभा असलेला मुलगा मागं वळला. खेळ चालू असताना तो कधी वळत नसे.

"बाबा, आहात ना?"

"आहे."

"मग ओरडा की! मला काही कळत नाहीये!"

इकडच्या संघानं कसाबसा एक गोल फेडला. शेवटाला लांब पायांचा गडी पुन्हा एकटा सुटला. तोफेनं त्याचे पाय बघितले नाहीत, खांदा बघितला, जसा तो जन्मभर विटांचा खांदा बघत आला होता. खांदा डावीकडे झुकला आणि तोफेचं तोंड सुटलं.

"घे रे आंधळ्या! डावीकडं, लुळ्या, दगडाच्या भावा, घे!"

पोरगा बघायच्या आधी उडाला. बॉल छातीशी धरून तो मातीत पडला आणि तसाच पडून राहिला. बोटाची कळ मस्तकात गेली होती, पण बॉल हातात होता.

गाव नाचलं. सामना बरोबरीत सुटला. तोफ धावत जाऊन मुलाला उठवत होता, तोवर मागं बोलणं सुरूही झालं होतं.

"बापानं दम दिला तेव्हा धरला. म्हणजे धरता येत होता!"

"मग मागच्या वेळी सोडला कशाला?" सलूनवाला म्हणाला. "नाही, मी आपलं विचारतो."

तोफेनं मुलाचा डावा हात धरला, फडकं सोडलं आणि हात सगळ्यांसमोर वर केला. बोट काळंनिळं, कांद्यासारखं सुजलेलं.

"हे बघा लोणी! हे मी मोडलं. भट्टीवर मुकादमाशी बोलत बोलत वीट फेकली, शिवी न देता. याचा काही दोष नाही. जे काय बोलायचं ते मला बोला."

"बाबा, गप्प बसा," मुलगा हळूच म्हणाला. "मुकादम ऐकतोय."

"ऐकू दे."

सगळ्यांनी बोटाकडे बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, "बाप आहे. पोराला झाकणारच." आणि पुष्कळ माना हलल्या. इतकी वर्षं हा माणूस पोराला काय वाटेल ते बोलला, ते सगळ्यांनी खरं मानलं. एकदा त्याच्या बाजूनं बोलला तर तेवढंच खोटं ठरलं. तोफेला हसावं का रडावं कळेना.

विश्वास ठेवला तो फक्त मुकादमानं. त्याला तो सोयीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाळण पुढं केली. "जा, सावलीत बस. वय झालं तुझं." बायको साच्यावरून उठून आली. नवऱ्याच्या डोक्यावरचं फडकं नीट बांधून परत गेली.

राखेचा ढीग ट्रकपासून बराच लांब होता. तोफ चाळण हलवत बसला. राख नाकात, डोळ्यांत, दातांखाली. ट्रकपाशी खाली एक नवा गडी फेकायला लावला होता. अंगानं दणकट, पण स्वभावानं गरीब. शिवी द्यायला लाजायचा. "घ्या हं दादा," असं काहीतरी पुटपुटायचा. वर बोट बांधलेला चिकट दर वेळी मान वळवून खाली बघत होता. रचायला वेळ लागत होता. दोन जोड्या फुटल्या.

तोफेचे हात थांबले. त्यानं नव्या गड्याच्या खांद्यावर नजर लावली. खांदा मागं गेला, पुढं आला.

"घे रे आंधळ्या!"

वरच्यानं खाली न बघता, आवाजावरच वळून जोडी झेलली.

"घे रे लुळ्या! घे, लोण्या, घे!"

"ए तोफ!" मुकादम ओरडला. "तुझं काम राखेचं आहे, तोंडाचं नाही!"

तोफेनं चाळण हलवायला घेतली, पण नव्या गड्याच्या खांद्यावरची नजर काढली नाही. वारा उलटा होता. राख त्याच्याच तोंडात येत होती. तो खोकला, थुंकला आणि परत ओरडला. माती तुडवणाऱ्या बायका थांबून ट्रककडे बघायला लागल्या.

हौद्यातून मुलाचा आवाज आला. कामाच्या वेळी तो वरून कधी बोलत नसे.

"बाबा, जरा मोठ्यानं! लांब बसलाय तुम्ही!"